लाल टॉर्चवाल्या आजींना

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. 2019 साली मेलबर्नच्या सेंट किल्डा ब्रेकवॉटरवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या दगडी बांधावर, लाल टॉर्च घेऊन पेंग्विन बघायला आलेल्या आम्हा हौशी मंडळींना आवरत होतात, एवढीच ओळख. हे मराठी तुम्हाला वाचता यायचं नाही. पण ज्यांना येतं त्यांच्यासमोर तरी आभार मानावेत, म्हणून लिहितोय.

अंधार पडला, पहिले पेंग्विन खडकांवर चढले, मी शटर अर्धं दाबलं आणि फोकससाठीचा नारिंगी दिवा भक्कन पेटला. फ्लॅश आठवणीने बंद केला होता, हा मेला दिवा ध्यानातच नव्हता. तुम्ही ओरडला नाहीत. लेन्सपुढे हात धरलात, खिशातली काळी चिकटपट्टी दातांनी तोडून दिव्यावर लावलीत आणि म्हणालात, आता अर्धा तास नुसतं बघ.

राग आला होता मला. पण करणार काय, बघत बसलो. 1956च्या ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी रचलेले ते दगड, आणि त्यांच्या फटींत संसार थाटलेले जेमतेम 33 सेंटिमीटर उंचीचे पक्षी. हळूहळू लक्षात आलं, की पाण्यातून वर आलेला प्रत्येक जण त्याच एका सपाट दगडावर थांबतो. अंग झटकतो, शेपटीच्या मुळाशी चोच नेऊन तेल घेतो, पिसांना चोळतो. मग फटीतून गुरगुर येते आणि याची मान तिकडे वळते. मी मात्र इतका वेळ धावणाऱ्यांच्या मागे लागलो होतो!

त्या दगडाच्या कडेवर हाताने फोकस लावून ठेवला. मागे शहराचे दिवे होतेच, वेगळा उजेड लागलाच नाही. 50 मिलिमीटरची लेन्स, एफ 1.8 म्हणजे लेन्सचा झरोका बराच उघडा, आयएसओ 6400 म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता खूप वाढवलेली, शटर 1/15 सेकंद उघडं. दोनेकशे फ्रेम घेतल्या, तीन बऱ्या निघाल्या. त्यातल्या एकीत एक पेंग्विन स्तब्ध, पाठीवर दिव्यांची बारीक सोनेरी रेघ. शेजारचा अंग झटकतोय, तो नुसता धूसर भोवरा. 1/500 सेकंदाला दोघंही स्थिर दिसले असते, पण मग कोण थांबलाय आणि कोण आत्ता समुद्रातून आलाय, हे कळलं नसतं. वाढवलेल्या आयएसओमुळे फोटोत दाणे भरपूर आहेत. असू देत.

त्या दोघांना बघून मी तेव्हा हरखून म्हटलं होतं, केवढं प्रेम! त्यावर तुम्ही हसून म्हणालात, त्यांनी मला तसं काही सांगितलेलं नाही. पुढे 2020 मध्ये याच बांधावरच्या दोन पेंग्विनचा, आपल्याकडे पाठ करून शहराचे दिवे बघत उभ्या जोडीचा, फोटो जगभर फिरला आणि लोकांनी त्याखाली रडून घेतलं, तेव्हा तुमचं ते हसू आठवलं. माझ्या फोटोखाली मी फक्त एवढंच लिहिलंय: एक थांबलेला, एक नुकताच आलेला.

त्याची एक प्रिंट तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. नाव-पत्ता कळला की पाठवतो.

तुमचा,
नारिंगी दिवेवाला