माघ, शके १७९८

सातारा, रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, इतिहास सोडून कॉमर्स घेऊ का? सगळं पाठ केलं तरी वीसपैकी नऊच पडले." मी एसटीत होते, नीट बोलता आलं नाही. पेपरचा फोटो पाठवलास तो रात्री मोठा करून वाचला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची कारणं विचारली होती. दंगा पेटला ते सुपे गाव तू लिहिलंस, १२ मे लिहिलंस, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले तेही लिहिलंस. कारण मात्र एका ओळीत उरकलंस: सावकारांचा जुलूम. समासात सरांनी लाल शाईनं विचारलंय, "तेव्हाच का?"

सरांचा राग धरू नकोस. प्रश्न अगदी नेमका आहे.

सावकार काही १८७५ साली उगवले नव्हते, ते आधीपासून होतेच. मग त्या साली काय झालं? त्यासाठी पार अमेरिकेपर्यंत जावं लागतं. तिथं १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. नेमकी तेव्हाच जमिनीची फेरआकारणी होऊन सारा वाढला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. रोखा तीनच वर्षं चालेल, असं शेतकऱ्याच्या भल्यासाठीच ठरवलं होतं. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार जुना रोखा मोडायचा, व्याज मुद्दलात धरायचा आणि नव्या रोख्यावर सही-निशाणी घ्यायचा.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते आपल्या घरच्या कागदावरून. ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण आबा होते तोवर ती सांगवत नव्हती.

आबांच्या लोखंडी पेटीत तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद होता. ही शाहू महाराजांची सनद, विहिरीजवळचं रान आपल्याला इनाम मिळालंय, असं ते सगळ्यांना सांगायचे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. मी रेकॉर्ड रूमला लागले, मोडी शिकले, तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं तो माझ्या हातात दिला. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलत नाहीत, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पहिल्या ओळीलाच मला अर्धा तास लागला. पण 'कर्जरोखा' हा शब्द लागला आणि पोटात गोळा आला.

सनद नव्हतीच ती. मागच्या रोख्याचे मुद्दल रुपये चाळीस, व्याज रुपये एकवीस, असे एकूण एकसष्ट रुपये, त्यापोटी विहिरीजवळचं रान गहाण. खाली सही नाही, नांगराचं चित्र. लिहिता न येणारा कुणबी 'निशाणी नांगर' करायचा, तीच. रेघा इतक्या दाबून काढल्यात की कागदाच्या पाठीमागून बोटाला लागतात.

मिती होती माघ, शके १७९८. मी शकात ७८ मिळवले आणि १८७६ लिहून मोकळी झाले. तिथंच चुकले. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ धरायचे, पण माघ येईस्तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, म्हणून ७९. म्हणजे १८७७ चा सुरुवातीचा काळ. तू म्हणशील, एका वर्षानं काय बिघडतं? मधे १८७६ चा पावसाळा कोरडा गेला होता रे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानं आपल्या माणदेशालाही सोडलं नाही. एक साल मागे धरलं की तो रोखा पाऊस फिरण्याआधीचा होतो आणि आपला माणूस उधळ्या वाटतो. खरं साल धरलं की दावणीला उपाशी बैल बांधलेला माणूस दिसतो. सनावळ्यांचा कंटाळा येतो म्हणालास ना, म्हणून एवढं फोड करून सांगितलं.

आणखी एक. या दंग्यांवर सरकारनं आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. दोष सावकारांवर टाकला, सरकारी साऱ्यावर नाही. म्हणजे तुझं एका ओळीचं उत्तर जवळपास सरकारचंच उत्तर आहे! अहवाल टाकाऊ नाही, त्यातल्या जबान्या मोलाच्या आहेत. पण सारा वसूल करणारं सरकार आणि आयोग नेमणारं सरकार एकच होतं, हे डोक्यात ठेवून तो वाचायचा. १८७९ ला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, हे तपासता येऊ लागलं. तू बसलायस ती सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, पण जवळचं तासगाव सातारा जिल्ह्यात. उत्तर लिहिताना हद्दही बघत जा.

मोठ्या नावाला भिऊ नकोस. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. १८६७ च्या सुमारास नीलकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं त्याच्या चुका दाखवणारी टीका लिहिली. तुझ्यासारखंच शिकणारं पोरगं.

आबांना मी आठ दिवस काही बोलले नाही. मग एका संध्याकाळी ओसरीवर सगळा कागद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा जीव दुखावला मी, कशाला शिकले हे मोडी. मग त्यांनी विचारलं, "गहाण पडलं होतं, तर सुटलं कसं? सातबारा तर आपल्याच नावावर हाय." माझ्याकडं उत्तर नव्हतं. १८७९ च्या कायद्यानं सुटलं असेल, असं मला वाटतं, पण वाटण्याला कागदाचा आधार नाही.

पेटीच्या तळाशी आणखी दोन कागद आहेत. एकाची शाई उडालीय, दुसरा घडीवर फाटलाय, पण त्यावरही नांगर आहे. माझे डोळे आता पूर्वीसारखे चालत नाहीत. दिवाळीला येशील तेव्हा भिंग आणि कोरी वही घेऊन ये. जुने फेरफार बघायला अर्ज कसा करायचा ते मी सांगते. कॉमर्सचं त्यानंतर ठरवू.

डबा वेळेवर खात जा. गादी उन्हात टाकत जा.

तुझी
आई