प्रिंटर चार, रांग मात्र एकापुढेच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पेपरलेस ऑफिसबद्दल अधूनमधून छापून येतच असतं, पण जिथे अजून ढिगानं कागद छापला जातो तिथल्या एका साध्या गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नाही म्हणून हे पत्र. मी ऑफिसमधले कॉम्प्युटर-प्रिंटर बघायचं काम करतो आणि बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं, की नेटवर्कवर तीन-चार प्रिंटर असतात पण त्यातल्या एकावर अख्खं ऑफिस तुटून पडलेलं असतं आणि बाकीचे नुसते लाइट लावून बसलेले. मग त्या एकाचं टोनर सारखं संपतं, रोलर झिजतात, कागद अडकायला लागतो आणि साहेबांकडे अर्ज जातो की नवीन प्रिंटर पाहिजे. अहो, आहेत ते तर वापरा आधी!

यात वापरणाऱ्यांचा दोष नाहीये. कॉम्प्युटर बसवताना जो प्रिंटर डिफॉल्ट (म्हणजे न सांगता आपोआप निवडला जाणारा) केला गेला तोच वर्षानुवर्षं तसाच राहतो. शिवाय विंडोज १० पासून एक सेटिंग आलीय, डिफॉल्ट प्रिंटर कोणता ते विंडोजनंच ठरवायचं, ती चालू असली की शेवटचा वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट होतो, म्हणजे एकदा तिकडे प्रिंट सोडली की पुढच्याही तिकडेच. यावर काही ऑफिसात तोडगा म्हणून वाटण्या करतात, अकाउंट्सनं हा वापरायचा, एचआरनं तो वापरायचा, भिंतीवर नोटीससुद्धा लावतात. कागदावर समान वाटप झालं, पण महिनाअखेरीला अकाउंट्सचा प्रिंटर धापा टाकतोय आणि एचआरचा झोपलाय, हे काही चुकत नाही. तिकिटाच्या खिडक्या चार असल्या तरी रांग एकच ठेवावी आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढच्यानं जावं, तसंच प्रिंटचं करायला पाहिजे.

आणि ही सोय नवीन नाही, विकतही घ्यावी लागत नाही. विंडोजमध्ये एनटीच्या (नव्वदच्या दशकातल्या जुन्या विंडोजच्या) जमान्यापासून प्रिंटर पूलिंग, म्हणजे अनेक प्रिंटर एकाच नावाखाली जोडायची सोय, आहे. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्सच्या टॅबवर जायचं, खाली पूलिंगची टिक असते ती मारायची आणि वर सगळ्या प्रिंटरांचे पोर्ट, म्हणजे त्या-त्या प्रिंटरकडे काम जायचे मार्ग, निवडायचे, झालं. युजरला एकच प्रिंटर दिसतो, मागे चार असतात. लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या कप्स या सॉफ्टवेअरमध्ये हेच क्लास या नावानं आहे. एकाचा कागद संपला किंवा जॅम झाला तर त्याच्यावर गेलेलं काम तेवढं अडकतं, बाकीचे चालू राहतात.

पण टिक मारली की सगळं सुरळीत, असंही नाही. सगळ्यात जास्त गडबड होते ती प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळा पूल बनवला की. माझ्या कॉम्प्युटरला शेजारच्यानं काय पाठवलंय ते माहीत नसतं, त्यामुळे सगळेच आपापल्या यादीतल्या पहिल्या प्रिंटरकडे धावतात आणि आपण परत जिथे होतो तिथेच. म्हणून पूल एकाच प्रिंट सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या प्रिंट ज्याच्यातून जातात अशा एका कॉम्प्युटरवर, पाहिजे आणि तिथून सगळ्यांना शेअर केलेला पाहिजे. दुसरं म्हणजे मशीन एकाच मॉडेलची घ्या, निदान एकाच ड्रायव्हरवर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नीट चालणारी तरी, कारण पूलला ड्रायव्हर एकच असतो, आणि वेगळ्या जातीचं मशीन घुसवलं की कधी पाठपोट छपाई होत नाही तर कधी पानभर चित्रविचित्र अक्षरं येतात. ट्रेमध्ये कागदही सगळीकडे सारखाच ठेवायचा. प्रत्येक प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, फिक्स करून टाका, नाहीतर राउटरनं एक दिवस अ‍ॅड्रेस बदलला की तो प्रिंटर पूलमधून गुपचूप गायब. आणि मशीन एकमेकांच्या शेजारी ठेवा हो! एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या, असं असलं तर आपली प्रिंट शोधत जिने चढायचे का?

आता समान वाटपाबद्दल. लोकांना वाटतं चार प्रिंटर म्हणजे प्रत्येकाला पाव हिस्सा. तसं होत नाही. विंडोज यादीत वरून बघत जातं आणि पहिला मोकळा पोर्ट दिसला की काम तिकडे देतं, त्यामुळे गर्दी नसेल तेव्हा पहिलाच प्रिंटर राबतो, म्हणून सगळ्यात फास्ट मशीनचा पोर्ट पहिला जोडतात. शिवाय प्रिंटरला स्वतःची मेमरी असते, छोटी फाइल तो झटकन पोटात घेतो, पान अजून बाहेर यायचंय पण पोर्ट मोकळा दिसतो, मग पुढचं कामही कधी कधी त्याच्याकडेच जातं. आणि एकच दोनशे पानांची फाइल असेल तर ती चौघांत वाटली जात नाही, ती ज्याच्या वाट्याला आली त्यानंच पूर्ण करायची. मला विचाराल तर पानांचा हिशोब सारखा आला नाही तरी चालेल, माणूस प्रिंटसाठी ताटकळत उभा नाही ना एवढं बघा.

पगारपत्रक, मेडिकल रिपोर्ट असले कागद मात्र पूलवर सोडू नका, कुठल्या ट्रेमध्ये पडतील आणि कोण उचलेल सांगता येत नाही. त्यासाठी काम सर्व्हरवरच थांबवून ठेवायची पद्धत असते, आपण कुठल्याही मशीनपाशी जाऊन कार्ड दाखवायचं किंवा पिन टाकायचा, मग तिथेच छापून मिळतं. माझ्या मते मोठ्या ऑफिसला हीच पद्धत बरी, कारण मोकळं मशीन माणूस स्वतःच शोधतो आणि मारून विसरलेल्या प्रिंटचा कागदही वाचतो, फक्त त्याला वेगळं सॉफ्टवेअर आणि कार्ड रीडर लागतात, साध्या पूलला यातलं काहीच लागत नाही.

एक विनंती वापरणाऱ्यांनाही. प्रिंट आली नाही म्हणून परत परत बटण दाबू नका. एकच प्रिंटर होता तेव्हा तीन कॉप्या एकाच ट्रेमध्ये एकावर एक पडायच्या, पूल केल्यावर त्या तीन मशीनमधून निघतात, आपण एक उचलून जागेवर जातो आणि बाकीच्या दोन कुणाच्या म्हणून दुसरेच विचारत बसतात. आधी क्यू, म्हणजे थांबलेल्या प्रिंटची यादी, उघडून बघा, काम तिथे दिसत असेल तर जरा दम धरा.

आपला,
एक वाचक