दोन डॉक्टर, शेजारी-शेजारी

बीव्हरटन, ऑरेगन, अमेरिका

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा निरोप वाचला. "बाबा, गावातले लोक म्हणतायत नगराध्यक्षपदाला उभ्या राहा. काय करू?" फोनवर अंगठा पाठवून याचं उत्तर देता येणार नाही. म्हणून हाताने लिहितोय, दादा फोटो काढून पाठवेल. अक्षराला हसू नकोस, तुझंही काही वेगळं नाही.

योगायोग बघ. तुझा निरोप आला त्याच्या आदल्याच शनिवारी दादाने मला ऑरेगन सिटीला नेलं होतं. इथून पाऊण तासाचा रस्ता. शेवटचा टप्पा ज्या रस्त्याने गेलो त्याचं नाव मॅक्लॉफ्लिन बुलेव्हार्ड, आणि बघायला चाललो होतो तेही मॅक्लॉफ्लिनचं घर. म्हटलं, असेल कुणी पुढारी. निघाला डॉक्टर. पुढे नगराध्यक्ष झालेला डॉक्टर! दादा गालात हसत होता, म्हणजे मला तिथे नेण्यात त्याचा काहीतरी डाव होता. तू त्याला आधीच विचारलं असणार.

गाव दोन मजली आहे. खाली विलामेट नदी आणि तिचा धबधबा, वर कड्यावर वस्ती, आणि दोन्हीला जोडणारी नगरपालिकेची लिफ्ट. खरंच, रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर नेणारी लिफ्ट, तीही फुकट. आपल्या नगरपालिकेला दाखवायला फोटो काढून ठेवलाय. कड्यावर एकमेकांशेजारी दोन जुनी लाकडी घरं आहेत, एक डॉ. जॉन मॅक्लॉफ्लिनचं, दुसरं डॉ. फोर्ब्स बार्कलेचं. दोघेही कातड्यांच्या व्यापारी कंपनीचे डॉक्टर, दोघेही या गावाचे नगराध्यक्ष. घरं मुळात खाली नदीकाठी होती. तिथे गिरण्या-कारखाने वाढले तेव्हा मॅक्लॉफ्लिनचं घर 1909 मध्ये अख्खं उचलून वर आणलं, बार्कलेचं नंतर. मेल्यावर शेजारी झालेले असे लोक मी प्रथमच पाहिले.

मॅक्लॉफ्लिन जन्मला 1784 मध्ये, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. चौदाव्या वर्षी एका डॉक्टरच्या हाताखाली शिकायला राहिला आणि 1803 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला डॉक्टरकीचा परवाना मिळाला. (तू त्या वयात नीटच्या दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करत होतीस आणि घरात कुणी मोठ्याने बोललं तर चिडत होतीस.) लगेच नॉर्थ वेस्ट कंपनीत लागला. ही कातड्यांच्या व्यापारातली कंपनी, बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची कातडी युरोपात टोप्यांसाठी जायची. दादाच्या गावाचं नावही त्याच जनावरावरून. पगार वर्षाला 20 पौंड. धाकट्या भावालाही डॉक्टर व्हायचं होतं, त्याच्या शिक्षणाचा भार यानेच उचलला. मोठ्या भावंडांची ही कथा सगळीकडे सारखीच दिसते. दादाला हे वाचून दाखवू नकोस, फुगेल.

हिवाळ्यात व्यापार, उन्हाळ्यात लेक सुपीरिअरच्या काठी फोर्ट विल्यममध्ये दवाखाना, असं त्याचं आयुष्य. तिथेच त्याने मार्गरीटशी संसार मांडला. ती मिश्र रक्ताची, आधीच्या माणसापासून मुलं असलेली. लग्न भटजी-पाद्र्याविना, त्या मुलखाच्या रीतीने. बरीच वर्षं हे कुणाला खटकलं नाही. पुढे 1838 मध्ये एका पाद्र्याने तिच्याबद्दल लिखाणात वाईट शब्द वापरले तेव्हा या सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाने भर आवारात त्याला काठीने बडवलं. माझ्या पिढीच्या माणसाने मारामारीचं कौतुक करू नये, पण काचेच्या कपाटातली ती काठी शोधत मी घरभर फिरलो. दिसली नाही.

1821 मध्ये त्याची कंपनी हडसन्स बे या इंग्रज कंपनीत विलीन झाली आणि 1824 मध्ये त्याला पार पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया नदीवर, मुख्य अधिकारी म्हणून पाठवलं. तिथे त्याने फोर्ट व्हँकूव्हर हा कोट, म्हणजे तटबंदीचं ठाणं, उभारला. शेती, लाकूडगिरणी, लोहारशाळा, पोरांची शाळा, सगळं. तिथलं सफरचंदाचं एक झाड, 1826 साली लावलेलं, 2020 पर्यंत उभं होतं. केस लवकर पांढरे झाले होते म्हणून स्थानिक लोक त्याला पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणत. कागदावर तो व्यापारी, पण त्या प्रचंड मुलखात न्याय, बाजार आणि औषध हे सगळं एकाच माणसाच्या दारात होतं.

आता तुझ्या विषयाकडे येतो. 1830 च्या उन्हाळ्यात कोलंबियाच्या खालच्या खोऱ्यात थंडीताप आला. तुझ्या गडचिरोलीचाच तो, हिवताप. तिथले डास तयारच होते, रोगाचे जंतू बहुधा जहाजांबरोबर आले. तिथल्या मूळच्या चिनूक आणि कलापूया लोकांना त्याची ओळखच नव्हती. चार वर्षांत गावंच्या गावं रिकामी झाली, अभ्यासक म्हणतात दहातले जवळजवळ नऊ गेले. कोटातलं क्विनाइन संपलं तेव्हा मॅक्लॉफ्लिनने डॉगवुड नावाच्या झाडाची साल उकळून दिली. आपल्याकडे म्हातारी माणसं सातविणीची साल देतात ना, तसंच. तुझ्याकडे किट आहे, गोळ्यांची पाकिटं आहेत, आशाताई आहेत, आणि तरीही तू पावसाळ्यात रात्री झोपत नाहीस. त्याच्याकडे झाडाची साल होती.

त्याने त्या वर्षी लंडनला पाठवलेल्या पत्रात एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तापाला घाबरलेले लोक कोटाच्या भिंतीशी येऊन राहू लागले. औषधासाठी नव्हे. आम्ही मेलो तर तुम्ही निदान पुराल, एवढ्यासाठी. आणि पुढच्याच ओळीत तो लिहितो की नाइलाजाने त्यांना हाकलून द्यावं लागलं. मी डॉक्टर म्हणून छत्तीस वर्षं काढली, मुक्ता. त्या ओळीपाशी बराच वेळ अडकलो. दादा गाडीची किल्ली वाजवत उभा होता.

पुढची गोष्ट उधारीची. 1843 मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडून बैलगाड्यांचे तांडे येऊ लागले. एका वर्षात जवळपास हजार माणसं. दोन हजार मैल चालून आलेली, उपाशी, आजारी, खिसा रिकामा. कंपनीचं धोरण स्पष्ट होतं: हे अमेरिकन, आपले प्रतिस्पर्धी, यांना पाय रोवू देऊ नका. याने होड्या पाठवल्या, बियाणं दिलं, नांगर दिले, धान्य दिलं. सगळं खात्यावर लिहून. पिकलं की द्या. काहींनी दिलं, बऱ्याचजणांनी दिलं नाही. त्यातल्या काहींनी वर शिव्याही दिल्या, इंग्रजांचा हस्तक म्हणून. आणि इंग्रज साहेब म्हणत होते हा अमेरिकनांचा हस्तक. त्याच काळात, 1842 मध्ये, त्याचा मुलगा जॉन एका दूरच्या ठाण्यावर हाताखालच्या माणसांकडून मारला गेला. कंपनीच्या गव्हर्नर सिम्प्सनने वरवर चौकशी करून दोष त्या पोरालाच दिला. बापाने ते कधीच सोडलं नाही, पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला. कंपनीतून त्याचं मन तिथेच उठलं असणार.

धबधब्याकाठची जागा त्याने 1829 पासून धरून ठेवली होती, 1842 मध्ये तिथे प्लॉट पाडून गावाला ऑरेगन सिटी नाव दिलं. प्लॉट वाटले, चर्चला दिले, शाळेला दिले. 1846 मध्ये नोकरी सोडून कायमचा तिथे राहायला आला, त्याच वर्षी इंग्रजांशी सीमा ठरून तो मुलूख अमेरिकेचा झाला. मग हाही अमेरिकन व्हायला निघाला. 1849 मध्ये नागरिकत्वाचा अर्ज केला. आणि 1850 मध्ये वॉशिंग्टनमध्ये जमिनीचा कायदा झाला, त्यात अकरावं कलम खास याच्यासाठी घातलेलं: ऑरेगन सिटीतला त्याचा दावा रद्द, जमीन विद्यापीठासाठी. ते कलम घालून घेणारा सॅम्युअल थर्स्टन हा याच वसाहतीतल्या लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी.

आणि त्याच गावाने 1851 मध्ये डॉक्टरला नगराध्यक्ष केलं. पडलेल्या 66 मतांपैकी 44 याला! तुझ्या एका वॉर्डातल्या एका गल्लीत याहून जास्त मतं असतील. पण मला ते आकडे मोठे वाटतात. एका हाताने जमीन जाऊ दिली, दुसऱ्या हाताने मत दिलं, आणि गावाला यात काही विसंगती दिसली नाही. गावं अशीच असतात. तुझं गावही असंच असेल, तुझ्या प्रचाराला येणारेच तुझ्या दवाखान्याच्या बांधकाम परवान्यावर हरकत घेतील.

तो राहत्या घरातच राहिला, पण जमिनीची कागदपत्रं काही हाती आली नाहीत. 1857 मध्ये गेला. शेवटच्या दिवसांत म्हणत असे, इथे येऊन घरदार उभं करण्यापेक्षा चाळीस वर्षांपूर्वी कुणी गोळी घातली असती तर बरं झालं असतं. 1862 मध्ये तिथल्या विधिमंडळाने जमीन वारसांना परत केली, तीही हजार डॉलर भरून घेऊन. शंभर वर्षांनी त्याला ऑरेगनचा पिता ठरवलं, पुतळा वॉशिंग्टनला पाठवला.

त्याची बाजू घेऊन मी हे सगळं लिहितोय असं समजू नकोस. त्या धबधब्यावर तो येण्याआधी कितीतरी पिढ्या क्लॅकमस आणि आजूबाजूचे लोक मासे धरत होते. ज्यांना तापात औषध दिलं त्यांच्याच काठावर याने प्लॉट पाडले, आणि आपली जमीन गेली म्हणून रडला. त्यांचं कलम कुठल्या कायद्यात नव्हतं. तू माडिया लोकांच्या मुलखात आहेस, तुला हे मी सांगायला नको, तरी सांगतो. नगरपंचायतीत बसलीस की पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी जागेची फाइल सहीला येईल.

बार्कलेचं काय? तो स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांचा, 1840 मध्ये कोटात डॉक्टर म्हणून आला, 1850 मध्ये ऑरेगन सिटीत. दवाखाना चालवला, नगरसेवक झाला, नगराध्यक्ष झाला, शाळांचं काम पाहिलं, मृत्यूच्या चौकशा केल्या, 1873 मध्ये गेला. त्याच्या घरात आता पुस्तकांचं दुकान आणि ऑफिस आहे. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं याहून फार नाही, म्हणजे माणूस बहुधा सुखी होता. त्याने कुणाला गाव वाटलं नाही, म्हणून कुणी त्याच्याकडून गाव काढूनही घेतलं नाही. रोग्याची नाडी आणि गावचं गटार एवढंच पाहिलं. दादा म्हणाला, मुक्ताने बार्कले व्हावं. मी म्हटलं, ती माझ्यावर गेली आहे, तिला ते जमणार नाही.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. तू चौथीत असताना मी नगरपालिकेला उभा राहिलो होतो हे तुला आठवत असेल, रिक्षातून फिरून पत्रकं वाटली होतीस. अकरा मतांनी पडलो. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी दवाखान्यातली उधारीची वही काढली आणि आपल्या वॉर्डातली नावं मोजत बसलो. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या पोराची गोवराची रात्र, कुणाचे साठ रुपये, कुणाचे चारशे. नावापुढे पेन्सिलने खुणा करत होतो: याने दिलं असेल, याने नसेल दिलं. एकसष्ट नावं झाली. तुझी आई पाणी प्यायला उठली, दारात उभी राहिली, वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. दिवा मालवून गेली. मी अंधारात पेन्सिल धरून बसलेलो.

त्यानंतर वर्षभर त्या नावांपैकी कुणी खोकत आलं की मला आधी पेन्सिलीची खूण दिसायची, मग माणूस. एक वर्ष मी वाईट डॉक्टर होतो. बाहेरून कुणाला कळलं नसेल. पण तपासायला हात पुढे करण्याआधीचा तो एक क्षण माझा मला ठाऊक आहे.

तुझ्याकडे वही नाही, तू पैसेच घेत नाहीस बऱ्याचजणांकडून, ते मला माहीत आहे. पण वही डोक्यातही असते. उभी राहायचं असेल तर खुशाल राहा, जिंकलीस तर पाण्याच्या टाकीचं काम आधी घे, साचलेल्या डबक्यांचं त्याच्याही आधी. फक्त निकालाच्या रात्री, जिंकलीस तरी आणि पडलीस तरी, वॉर्डनिहाय यादी घरात आणू नकोस. कुणी आणून दिली तर बाहेरच्या बाकावर ठेवायला सांग आणि झोप.

आणि फॉर्मसाठी शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा कागद आधीच काढून ठेव, ऑफिसातला माणूस नेमका त्या आठवड्यात रजेवर जातो. दवाखान्याची जागा भाड्याची आहे, तिचा करारनामा रजिस्टर केला आहेस का? नसेल तर उद्याच कर. आई विचारते, रात्री मच्छरदाणी लावतेस की फक्त पेशंटना सांगतेस.

तुझा,
बाबा