बाई, तुम्ही शेरा मारला नाहीत

आदरणीय बाई,

आमचा मुलगा आता बुटाची नाडी स्वतः बांधतो. वेळ लागतो, पण कुणाला हात लावू देत नाही. ही बातमी तुम्हाला आधी कळवायची होती.

तुमच्या वर्गात येईपर्यंत वहीवर एकच शेरा असायचा: हुशार आहे, पण आळशी. तुम्ही मात्र त्याच्याकडे नीट पाहिलंत आणि दिसलं ते तारखेसकट लिहून ठेवलंत. तोंडी उत्तरं खडाखड, पण तीच लिहायला बसला की दोन-चार ओळींत हात भरून येतो. कात्री धरली की खांदे आखडतात. चेंडू पोहोचण्याआधीच ओंजळ मिटते. कवायतीत शेजारच्याला बघून मगच हात वर जातो. मग पालकसभेत चारचौघांसमोर न बोलता आम्हाला वेगळं बोलावलंत आणि म्हणालात, "त्याला करायचं असतं, हात ऐकत नाहीत." त्याच्या बाजूने असं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

ती टिपणं बालरोगतज्ज्ञांच्या फार उपयोगी पडली. जन्म वेळेआधी झालेला, त्यामुळे त्यांनी बारकाईने तपासलं. नजरेचा, स्नायूंचा किंवा मज्जासंस्थेचा दुसरा आजार नाही याची खात्री करून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवलं. तिथे हालचालींची चाचणी झाली आणि नाव मिळालं: डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींचा मेळ बसवणं अवघड जाणं; वैद्यकीय भाषेत डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर. शाळकरी वयातल्या १०० मुलांपैकी साधारण ५-६ जणांना तो असतो आणि बुद्धीशी त्याचा संबंध नसतो, हे ऐकून त्याचे बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. वयाच्या ५ वर्षांआधी सहसा निदान करत नाहीत, कारण लहानपणी प्रत्येक मुलाची गती वेगळीच असते. म्हणजे शाळेत कुणाच्या तरी लक्षात येणं किती मोलाचं!

यावर गोळी नाही. जे जमवायचं, त्याचाच सराव. काय करायचं ते मूल स्वतः ठरवतं, कसं करायचं याची युक्ती शोधतं, करून पाहतं, कुठे अडलं ते तपासतं. त्याने पहिल्यांदा नाडी निवडली. आम्ही अक्षर म्हणालो असतो. थेरपिस्टनी त्याचंच ऐकलं, आणि ते बरोबर होतं असं मला ठामपणे वाटतं.

वर्गात तुम्ही जे केलंत त्याची यादी करत नाही. लिहायला जादा वेळ, फळ्यावरचं कमी उतरवणं, पाय जमिनीला टेकतील असं बाक, हे तर होतंच. पण मैदानावर गट पाडताना मुलांनी एकेकाला निवडायची पद्धत तुम्ही बंद केलीत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. शेवटी उरणारं मूल हळूहळू खेळायलाच जात नाही. मग अंगातली ताकद कमी होते, धीर खचतो आणि हालचाल आणखी अवघड होते. आमचा मुलगा त्या वाटेला लागला होता. आता तो खेळतो. चेंडू सुटतो, तरी खेळतो.

त्याच्या नव्या वर्गाच्या बाईंना तुमच्या टिपणांची प्रत दिली आहे. थेरपिस्टच्या अहवालाची प्रत नाव झाकून सोबत जोडते आहे. तुमच्या वर्गात पुन्हा असं मूल दिसलं आणि त्याचे आईवडील घाबरले, तर त्यांना ती दाखवा. आमच्याशी बोलायचं असेल तर आमचा नंबरही जरूर द्या.

तुमची,
त्याची आई