होळीच्या आधी एसी तयार ठेवण्याबद्दल

पुणे,
२० फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर एसीचा विषय काढला की बाबा "बघू, अजून सकाळी गारवा आहे" म्हणतात आणि बोलणे दुसरीकडे वळते, म्हणून सगळे सविस्तर लिहून पाठवत आहे. हा कागद हाताशी असला की मेकॅनिकला एकेक गोष्ट विचारून घेता येईल. नागपुरात होळी आटोपली की ऊन चढते आणि मग सर्व्हिसिंगवाले तारखांवर तारखा देतात. त्यामुळे हे काम याच आठवड्यात उरकावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घरातल्या युनिटची जाळी तेवढी तुम्ही धुवावी, तीही शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन. बाबा, स्टुलावर तुम्ही चढू नका. आधी एमसीबी, म्हणजे एसीच्या विजेचा खटका, खाली पाडावा, पुढचे झाकण वर उचलावे आणि जाळ्या अलगद ओढून काढाव्यात. ज्या बाजूला धूळ बसली आहे तिच्या उलट बाजूने नळाची धार सोडली की धुळीचा थर बाहेर पडतो. समोरून धार मारली तर तीच धूळ जाळीत आणखी घट्ट बसते. जाळ्या सावलीत वाळवाव्यात, कारण कडक उन्हात प्लास्टिक वाकते आणि मग त्या खाचेत नीट बसत नाहीत. उन्हाळाभर दर पंधरवड्याला एवढे केले, तरी थंडाव्यात आणि बिलात फरक पडतो.

बाकीचे काम मेकॅनिकचे. गच्चीवरच्या युनिटचे प्लास्टिकचे कव्हर काढून तो कॉइल पाण्याने धुईल, तेव्हा आत पारव्यांनी काड्या आणून ठेवल्या आहेत का, हे त्याला पाहायला सांगा. घरातली गरमी तिथूनच बाहेर टाकली जाते. कॉइलच्या पत्र्यांत धूळ अडकली की कंप्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, वीज जास्त जाते आणि ऐन दुपारी मशीन दम टाकते. आई, आतल्या ट्रेमध्ये एक तांब्या पाणी ओतायला लावून ते पाइपाच्या टोकातून धारेने बाहेर पडते का, एवढे तू स्वतः उभी राहून बघ. तिथे शेवाळ साचले की पाणी भिंतीवर उतरते. स्टॅबिलायझर आणि प्लग यांचीही तपासणी करून घ्या. प्लग काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर तो बदलल्याशिवाय एसी सुरू करू नये.

"गॅस कमी झाला आहे, भरून टाकतो" असे कोणी म्हटले, तर लगेच होकार देऊ नका. हा गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आपल्या एसीतला गॅस आर-३२ आहे. तो थोडासा ज्वलनशील असल्याने हे काम माहीतगार माणसाकडूनच झाले पाहिजे.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. आपल्या घरी एसी पाहुण्यांसाठी लागतो आणि तुम्ही दोघे दुपारभर कूलरसमोर बसता. विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, हे मला मान्य आहे, आणि संध्याकाळी तो जरूर लावा. पण २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो. वय वाढले की घाम कमी येतो, तहानही उशिरा कळते. त्यात बाबांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे. तेव्हा दुपारी बारा ते पाच खिडक्या आणि पडदे लावून, एसी २६ अंशांवर ठेवून, छताचा पंखा मंद सोडून बसायचे. त्या वेळी कूलर मात्र बंद हवा, कारण त्याची ओल काढण्यातच एसीची शक्ती खर्च होते.

बिलाची काळजी तुम्हाला वाटते, हे मी जाणते. स्टार लेबलच्या एसींचे तापमान २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावून दिलेले असते, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एकेक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. एवढे करूनही युनिटांचा वरचा टप्पा लागला, तर एप्रिल ते जून या तिन्ही महिन्यांचे बिल मी भरणार आहे. त्यावर कृपया वाद घालू नका.

मेकॅनिकचा दिवस ठरला की आदल्या दिवशी कळवा; काम चालू असताना मी फोनवर राहीन. रिमोटमध्ये नवे सेल तेवढे आजच घालून ठेवा.

तुमची लाडकी लेक