ताई, आता मी आधी फ्लास्कमध्ये बघतो

ताई,

तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तू "बरं बरं, पुढचं गणित घे" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. माझ्यासारखं टायट्रेशनच्या (एक द्रावण मोजून टाकत दुसऱ्याची तीव्रता काढायच्या) गणितांत अडकलेलं अजून कोणी असेल तर त्यांनाही वाचू दे.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन आलो तेव्हा मला एकच गोष्ट येत होती, एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (एम म्हणजे मोलॅरिटी, लिटरमागे किती मोल, आणि व्ही म्हणजे व्हॉल्यूम). गणित कुठलंही असो, तीन आकडे त्यात कोंबायचे आणि चौथा बाहेर काढायचा. तू मुद्दाम सल्फ्युरिक ॲसिडचं गणित दिलंस, २५ मिली ॲसिडला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिली लागलं, तर ॲसिडची मोलॅरिटी काय. मी अर्ध्या मिनिटात ०.१२ लिहून पेन खाली ठेवलं, वर तुझ्याकडे बघून हसलो पण. तू चूक आहे असं म्हणालीच नाहीस, नुसतं विचारलंस की सल्फ्युरिकच्या एका रेणूला हायड्रॉक्साइड किती लागतात. दोन. मग ३ मिलिमोल बेस म्हणजे ॲसिड दीडच मिलिमोल, भागिले २५, उत्तर ०.०६. दुपटीने चुकलो होतो आणि ते पण एवढ्या कॉन्फिडन्सने! ते सूत्र एकास एक रिॲक्शन असेल तरच सरळ चालतं हे पुस्तकात कुठेतरी बारीक अक्षरात असेलही, मी काही वाचलं नव्हतं.

मिलिमोलची सवय पण तूच लावलीस. मिली गुणिले मोलॅरिटी म्हणजे मिलिमोल, संपलं. त्याआधी मी दर वेळी १००० ने भागायचो, मग ०.००२५ मधली शून्यं मोजत बसायचो आणि त्यातलं एखादं हमखास गळायचं.

पण माझी खरी वाट लागायची वीक ॲसिडला, म्हणजे पाण्यात थोडंसंच आयन होणाऱ्या ॲसिडला. ॲसेटिक ॲसिडचं गणित आलं की कुठलं सूत्र लावायचं तेच कळायचं नाही, केए (ॲसिड किती स्ट्राँग याचा आकडा) वापरू की केबी (तोच बेससाठी) की ते हेंडरसनवालं (बफरचा पीएच काढायचं सूत्र). माझ्याकडे चार सूत्रं पाठ होती आणि लावायचो चिठ्ठी काढल्यासारखी कुठलंही. तेव्हा तू वही ओढून घेतलीस, एक कोनिकल फ्लास्क काढलास (वांग्यासारखा दिसत होता, राग मानू नको) आणि म्हणालीस सूत्र विसर, आत्ता या फ्लास्कमध्ये काय काय आहे ते सांग.

मग आपण ते एकच गणित अख्खी संध्याकाळ केलं. ०.१ मोलर ॲसेटिक ॲसिड २५ मिली, ब्युरेटमध्ये (वरून थेंब थेंब सोडायच्या मोजनळीत) ०.१ मोलर एनएओएच, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. काहीच टाकलं नाही तेव्हा फ्लास्कमध्ये नुसतं वीक ॲसिड, मग केए आणि वर्गमूळ, पीएच २.८७. १० मिली टाकलं, आता काय आहे? दीड मिलिमोल ॲसिड उरलंय आणि एक मिलिमोल ॲसिटेट तयार झालंय, म्हणजे हे बफर (वीक ॲसिड आणि त्याचंच सॉल्ट एकत्र), इथे हेंडरसन, पीएच ४.५६. साडेबारा मिलीला दोन्ही सारखेच, लॉग शून्य, पीएच म्हणजेच पीकेए (केएचा उणे लॉग), ४.७४, कॅल्क्युलेटरला हात लावायची गरज नाही. आणि २५ मिलीला मी लगेच म्हणालो ७, कारण न्यूट्रल झालं ना सगळं! तू परत तेच विचारलंस, काय आहे फ्लास्कमध्ये. ॲसिड नाही, एनएओएच नाही, नुसतं सोडियम ॲसिटेट. आणि ॲसिटेट हा स्वतः बेस आहे. तिथे माझ्या डोक्यात जो काही लाइट लागला तो मला अजून आठवतो, एंड पॉइंटला पीएच ७ असतो हे मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत फिरत होतो.

त्यातही एक चूक केलीच. केबी बरोबर काढला पण ॲसिटेटचं कॉन्सन्ट्रेशन ०.१ च धरलं. तू म्हणालीस पाणी काय हवेत उडालं का, आता फ्लास्कमध्ये ५० मिली आहे. मग ०.०५ धरलं आणि ८.७२ आलं. पुढे ३० मिलीला तर अगदीच सोपं निघालं, अर्धा मिलिमोल हायड्रॉक्साइड जास्तीचं, ५५ मिलीत, पीएच ११.९६, वीक ॲसिडचा विषयच नाही.

आणि त्या ८.७२ मुळेच इंडिकेटरचं (रंग बदलून एंड पॉइंट दाखवणाऱ्या रसायनाचं) कोडं पण सुटलं. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ते १० मध्ये रंग बदलतं म्हणून इथे तेच घ्यायचं, मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून जातं म्हणजे आपण अजून बफरमध्येच असताना. मी हे टेबल पाठ करत होतो, कुठल्या जोडीला कुठला इंडिकेटर, आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहून आलो होतो, ते तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

लॅबमध्ये पण फायदा झाला बरं का. फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने धुतला आणि थोडं पाणी आत राहिलं तर पार्टनर घाबरायचा की रीडिंग चुकणार. मी त्याला सांगितलं, पिपेटने जेवढे मोल टाकले तेवढेच आहेत, पाण्याने मोल वाढत नाहीत की कमी होत नाहीत, पण ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर मात्र वाट लागेल कारण तिथलं सोल्यूशनच पातळ होतं, ती एनएओएचनेच विसळून घे. तो बघतच राहिला. श्रेय मी घेतलं, सॉरी.

एक तक्रार आहे पण. तू एका गणिताला इतका वेळ लावायचीस की मला वाटायचं पोर्शन कधी संपणार. बाकीचे पन्नास पन्नास गणितं सोडवून टाकत होते आणि आपण त्याच वांग्यात डोकं घालून बसलेलो.

असो. शेवटच्या दिवशी तू वहीच्या मागच्या पानावर एक लिहून ठेवलं होतंस, एनएओएच आणि सोडियम कार्बोनेटचं मिक्स्चर २५ मिली, ०.१ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), फिनॉल्फ्थॅलिनला १८ मिली आणि मग मिथिल ऑरेंज टाकून आणखी ६ मिली. तेव्हा मी टाळलं होतं, काल रात्री बसलो. नंतरचे ६ मिली फक्त बायकार्बोनेटचे, ते आलं कार्बोनेटपासून, म्हणजे आधीच्या १८ मधले पण ६ कार्बोनेटनेच खाल्लेले, उरले १२ ते एनएओएचचे. एनएओएच ०.०४८, कार्बोनेट ०.०२४. मला वाटतं बरोबर आहे, तरी एकदा बघून सांग.

तुझा,
०.१२ वाला