‘सामजवरगमना’चा राग आणि गाळलेलं एक नाव

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘शंकराभरणम’च्या गाण्यांवर लेख आला. तेलुगू चित्रपटाच्या संगीताला मराठी पेपरात अर्धं पान मिळालं, याचा सोलापूरकर म्हणून आधी आनंदच झाला. मग ‘सामजवरगमना’पाशी अडले. हे गाणं हिंडोल रागात आहे, असं छापलंय. ते ‘हिंदोलम’मध्ये आहे, आणि कर्नाटक पद्धतीतला हिंदोलम म्हणजे आपला मालकंस. गंधार, धैवत, निषाद कोमल, मध्यम शुद्ध, रिषभ-पंचम वर्ज्य. आपल्या हिंडोलात मध्यम तीव्र आणि धैवत शुद्ध. दोन्ही राग एकापाठोपाठ गुणगुणून पाहिले असते तरी कळलं असतं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९८० साली आम्ही पूर्व भागात एका वाड्यात राहायचो. शेजारी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांचं, कुटुंब. आतल्या खोलीत माग, बाहेर ओट्यावर अक्का विड्या वळत बसलेली, मांडीवर सूप, हातात कात्री. तिच्या भावानं हैदराबादहून या गाण्यांची कॅसेट आणली आणि ती दिवसभर मागाच्या खटखटीत वाजायची. मी तेव्हा गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेची तयारी करत होते, मालकंसानं डोकं उठवलं होतं. एका दुपारी भिंतीपलीकडून तोच राग यायला लागला, म्हणून पेटी बंद करून ओट्यावर गेले. अक्का म्हणाली, “सुरुवात त्यागराजस्वामींची आहे बघ, पुढं या लोकांनी प्रेमाचं गाणं केलंय.” त्यागराज म्हणजे कर्नाटक संगीतातले थोर संत-रचनाकार, त्यामुळे तिला ते फारसं पटलेलं नव्हतं. पण कॅसेट उलटून परत लावायची मात्र तीच.

पुढचे ते शब्द वेटूरी सुंदरराम मूर्तींचे. संगीतकार के. व्ही. महादेवन यांची मातृभाषा तमिळ, पण आधी शब्द हातात घ्यायचे आणि मग चाल बांधायची, हा त्यांचा शिरस्ता. तयार चालीत शब्द कोंबण्याचा प्रकार नाही. तेलुगूचं अक्षर न कळताही मला ते गाणं कुठं अडखळल्यासारखं वाटलं नाही, त्याचं कारण मी यातच शोधते.

लेखात ही गाणी गाणाऱ्या एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना ‘ज्येष्ठ शास्त्रीय गायक’ म्हटलंय, तेही बरोबर नाही. त्यांनी शास्त्रीय संगीताचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि ते स्वतःच हे मोकळेपणानं सांगायचे. महादेवन यांचे सहायक पुहळेंदी यांनी ही गाणी त्यांच्याकडून घोटून घेतली. पडद्यावर जे. व्ही. सोमयाजुलूंनी उभे केलेले नायक, शास्त्रीय गायक शंकर शास्त्री, गातात तेव्हा शंका येत नाही, ती या मेहनतीमुळे. बालसुब्रह्मण्यम यांना शास्त्रीय गायक ठरवून टाकलं की ही मेहनतच पुसली जाते. शिकवणीत चाळीस वर्षं घालवल्यावर मला ते जरा जास्तच लागतं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. अख्ख्या लेखात गायिका वाणी जयराम यांचं नाव नाही! या चित्रपटाला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: चित्रपटाला, महादेवन यांना, बालसुब्रह्मण्यम यांना आणि वाणी जयराम यांना. पहिले तीन लेखात आहेत. शास्त्रींच्या लहानग्या शिष्याचा आवाज वाणीबाईंचा. शेवटी ‘दोरकुना’ गाताना शास्त्री कोसळतात आणि राहिलेलं गाणं तो पोरगा पुढं नेतो. आम्ही सकाळच्या खेळाला गेलो होतो, तेव्हा या जागी अक्कानं पदर डोळ्यांना लावला तो दिवे लागेपर्यंत काढला नाही. तोवर थिएटरात बिडीच्या धुरानं सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते, हेही खरं.

आणि मराठी पेपरानं तरी हे नाव विसरू नये. वेल्लोरच्या या बाई लग्नानंतर मुंबईत आल्या, बँकेत नोकरी करत उस्ताद अब्दुल रहमान खाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांना हाताशी धरलं ते संगीतकार वसंत देसाईंनी. १९७१च्या ‘गुड्डी’तलं ‘बोले रे पपीहरा’ सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी कुमार गंधर्वांबरोबर ‘ऋणानुबंधाच्या’ गायलेला तो बाईचा आवाज कोणाचा? मी शाळेत मुलींना हा प्रश्न विचारायचे. उत्तर क्वचितच यायचं.

‘शंकराभरणम’ २ फेब्रुवारी १९८० रोजी लागला. दिग्दर्शक के. विश्वनाथ गेले तेही २ फेब्रुवारीलाच, २०२३ साली. दोनच दिवसांनी, ४ तारखेला, वाणीबाई गेल्या. त्या आठवड्यात मी अक्काच्या सुनेला फोन केला. अक्का जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण दुसरं कोणाला करणार?

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. राग चुकला तर एक वेळ चालेल, नाव तेवढं नक्की घाला.

कळावे,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, सोलापूर